बाबांच्या मोर्चाचं साल

तुमच्या गावातून तहसीलवर गेलेला एखादा मोर्चा तुम्हाला आठवत असेल, तर तो कोणत्या साली निघाला होता हे सांगता येईल का? मागणी सांगू नका. ती आठवतेच. कोण पुढे होतं, कोणाला चक्कर आली, परतताना भजी कुठे खाल्ली, हेही आठवतं. मी साल विचारतेय.

नाही ना सांगता येत? मलाही येत नव्हतं, आणि मी इतिहासात एम.ए. करायला निघाले होते.

आमच्या घरी पेपरच्या आधी पत्रक यायचं. बाबांचं पांढरकवड्याला कोर्टासमोर टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर ते दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार आणि वारसाचे दाखले टाइप करतात, ते पोटासाठी. संध्याकाळी पत्रकं लिहितात, ती जिवासाठी. नळाला पाणी नाही, रोहित्र जळालं, पुलाचे कठडे गेले: कोणाचं काहीही असो, मजकूर बाबांचा. बाकीच्या पोरांच्या तक्त्यावर क कमळाचा होता, आमच्याकडे कृती समितीचा. तिसरीत 'माझी गाय' हा निबंध मी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' या वाक्याने संपवला होता. बाईंनी बाबांना शाळेत बोलावलं. बाबांनी निबंध उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "मागणी तर रास्त हाये, बाई. वैरण कमीच पडून राह्यली यंदा."

अशा घरातल्या मुलीने इतिहासच घ्यावा यात नवल नव्हतं. नवल नातेवाइकांना वाटलं. "इतिहासात एम.ए.? म्हंजे लोकाईले किल्ले दाखवत हिंडशील काय?" असं एका मामाने भर पंगतीत विचारलं. मी त्याला म्हटलं, किल्ले तर तसेही दिसतात, मामा, मला न दिसणारं दाखवायचंय. मामाने पुन्हा वरण मागून घेतलं.

आई पंचायत समितीत लिपिक आहे. ती वाद घालत नाही, अटी घालते. "एकाच ठिकाणी अर्ज कर. नंबर लागला तर जा, मी स्वतः सोडून देतो तुले. नाही लागला तर इथंच बी.एड. करायचं, अन् मग हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही." बी.एड.ची माहितीपुस्तिका तिने आणूनही ठेवली होती, देवघराच्या फळीवर, म्हणजे मी रोज पाहावी अशी. तेव्हा जे काही होतं ते एवढंच: एक विद्यापीठ, राज्याबाहेरचं, आमच्याच हायवेने दक्षिणेकडे गेलं की लागतं ते. तिथे जागा मिळाली तर इतिहास, नाही मिळाली तर फळीवरची पुस्तिका.

अर्जासोबत एक टिपण जोडायचं होतं: तुम्हाला इतिहास का शिकायचाय? माझ्याकडे त्याचं हुकमी उत्तर होतं, कारण माझा जन्मच मोर्चाच्या दिवशी झाला होता. निदान बाबा तसं सांगत आले होते. आमच्या भागातल्या खेड्यांतून कॉलेजला येणाऱ्या मुलींसाठी संध्याकाळची एसटी सुरू करा, या मागणीचा तो मोर्चा. बाबा तहसीलच्या फाटकावर चढून घोषणा देत होते आणि कोणीतरी सायकलवरून निरोप आणला की मुलगी झाली. मग सगळ्या मोर्चाने माझ्या नावाने टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट मी दर वाढदिवसाला ऐकली आहे. दरवर्षी टाळ्या वाढत गेल्या.

तर टिपणाचं पहिलं वाक्य मी लिहिलं: 'माझा जन्म एका मोर्चाच्या दिवशी झाला.' बाबांनी वाचून दोन सूचना केल्या. एक, वर ठळक अक्षरात 'जाहीर आवाहन' टाक. दोन, 'मी' काढून 'आम्ही' कर, म्हणजे वजन पडते. मी दोन्ही फेटाळल्या आणि टिपण पाठवून दिलं. पोर्टलने खाली लाल अक्षरात कळवलं की आता यात बदल करता येणार नाही. मला कुठे करायचा होता बदल?

नागपूरला लेखी परीक्षा दिली. तीत पास झाले. मग पत्र आलं की मुलाखतीआधी एक लेख पाठवा: कोणतंही मूळ साधन घ्या, आणि ते कोणाचं, कशासाठीचं, कधीचं, हे तपासून लिहा.

साधन माझ्या पलंगाखालीच होतं. बाबांनी लिहिलेल्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत लोखंडी पेटीत ठेवलेली असते. गुलाबी, पिवळे, पोपटी कागद. मी एसटीचं गुलाबी पत्रक काढलं. वर 'चलो तहसील!', खाली 'आपले नम्र, समस्त पालक व ग्रामस्थ'. कोणाचं हे कळलं. कशासाठी हेही कळलं. कधीचं, म्हणून पाहिलं तर तिथे लिहिलं होतं: 'तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी, येत्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता.'

कोणता सोमवार? मी दुसरं पत्रक काढलं. 'उद्या.' तिसरं. 'येत्या मंगळवारी.' अख्खी पेटी पलंगावर पालथी केली. त्या ढिगात एकाही कागदावर साल नव्हतं.

"बाबा, यावर साल काहून नाही टाकलं?"

"साल कायले पाह्यजे?" बाबांनी प्रामाणिकपणे विचारलं. "जो मोर्चाले येते त्याले माहीत असते ना, कोन्तं साल सुरू हाये ते."

मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. बाबांची पत्रकं छापणारे काका तिथेच बसलेले असतात. त्यांची प्रेस शेजारच्या गल्लीत आहे, पण चहा बाबांच्या दुकानात येतो म्हणून तेही येतात. मी दोघांसमोर गुलाबी कागद धरला.

"हे तर आपल्या पोरीच्या जन्माच्या सालचं," बाबा म्हणाले.

"काही पण!" काकांनी कप खाली ठेवला. "तुह्यं लग्न झालतं त्या सालचं हाये हे. हा टाइप मी पुढच्या साली भंगारात काढला."

"तुले काय ठाव? तू तर मोर्चाले आलताच नाही."

"कसा येऊ? बोटाले शाई होती. पोलिसानं हात पाह्यले असते तर तुह्याआधी मले बसवलं असतं गाडीत!"

"शाई धुता येते, बे."

"तुह्या पत्रकाची धुता येत नाही. घासलेट लागते."

अर्धा तास त्यांचं चाललं. साल मिळालं नाही. पण मला त्या अर्ध्या तासात जे कळलं ते लेखी परीक्षेच्या सगळ्या पुस्तकांत नव्हतं: एकट्या बाबांना विचारलं तेव्हा गोष्ट मिळाली होती, दोघांना विचारल्यावर भांडण मिळालं, आणि तपासण्याजोगं काही असेल तर ते भांडणात होतं.

मी बसस्थानकावरही गेले. ती संध्याकाळची गाडी कधी सुरू झाली, एवढंच विचारायचं होतं. तिथला माणूस भला होता. म्हणाला, "ताई, साल सांगा, तेवढ्या सालची जुनी बाडं काढून पाहू. सालाबिगर मी कुठून सुरुवात करू?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मी बाहेर बाकड्यावर बसले आणि मला राग आला. आमचाच. कचेरीतल्या प्रत्येक चिठोऱ्यावर तारीख असते, शिक्का असतो. नोटीस आली की तारीख, नकार आला की तारीख. आणि ज्यांनी उन्हात चालून एक गाडी मिळवली त्यांच्या कागदावर 'येत्या सोमवारी'. उद्या कोणी म्हणालं की ती गाडी आम्ही आपणहून, मोठ्या मनाने सुरू केली होती, तर आमच्याकडे दाखवायला काय आहे? गुलाबी कागद. मी मागण्यांवर वाढलेली मुलगी आहे. आमची मागणी आम्ही कधी केली हेच सांगता येऊ नये, याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट मला आजही माहीत नाही.

पण कागदावर एक दुवा होता. तान्हा पोळा. आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा भरवतात. मोर्चा त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. म्हणजे तान्हा पोळा रविवारी, आणि मोठा पोळा शनिवारी. आता फक्त पोळा शनिवारी आलेलं साल शोधायचं. मी फोनवर शोधलं. मग फोनवर विश्वास कसा ठेवायचा म्हणून कोर्टाजवळच्या गुरुजींकडची जुनी पंचांगं चाळली. काकांच्या साली, म्हणजे आईबाबांच्या लग्नाच्या साली, पोळा शनिवारी होता. माझ्या जन्माच्या साली बुधवारी.

मी सोमवारचीच आहे, त्याबद्दल वाद नाही. दाखल्यावर तसं आहे. पण त्या सोमवारी तान्हा पोळा होऊन चार दिवस झाले होते. थोडक्यात, माझा जन्म मोर्चाच्या दिवशी झालेला नव्हता. आणि झाला होता असं मी स्वतःच्या सहीने विद्यापीठाला कळवून बसले होते, ज्यात आता बदल करता येणार नव्हता.

काकांनी सोपा उपाय सांगितला. "तेवढं पोळ्याचं पान काढून टाक. बाकी लेख चांगला हाये. कोण पाहते?"

आईला विचारलं. ती कणीक मळत होती. "पाठव तू," ती म्हणाली. "खरंच हाये ते." मला वाटलं, आई आहे, मुलीची बाजू घेतेय.

मी पान काढलं नाही. उलट तळटीप घातली: 'आयोजकांची साक्ष याबाबतीत ग्राह्य धरता येत नाही.' लेख पाठवला आणि एक प्रत बाबांना वाचायला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर पिवळा कागद चिकटवलेला होता. 'जाहीर निषेध! जन्मदात्याच्या साक्षीवर अविश्वास दाखवणाऱ्या प्रवृत्तीचा आम्ही तीव्र शब्दांत धिक्कार करतो. सदर तळटीप येत्या रविवारपर्यंत बिनशर्त मागे न घेतल्यास तिच्या हातच्या चहावर बहिष्कार टाकण्यात येईल. आपले नम्र, समस्त वडील.' मी लाल पेनाने 'येत्या रविवार' भोवती गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'साल?' बहिष्कार ताबडतोब सुरू झाला. बाबा टपरीवर चहा प्यायला लागले आणि तिथल्या चहाबद्दल घरी येऊन तक्रार करू लागले.

मुलाखत फोनवर नाही, कॉम्प्युटरवर होती, समोरासमोर दिसून. घरी नेट टिकत नाही म्हणून दुकानातच बसावं लागलं. बाबांनी शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला (आवाज येतो म्हणून) आणि प्रिंटरच्या मागे स्टुलावर बसले. "मी तोंडातून शब्द काढणार नाही," त्यांनी शपथ घेतली. बहिष्कार चालू असल्यामुळे ही शपथ त्यांनी भिंतीकडे पाहून घेतली.

पडद्यावर तिघं होते. दोघे सर इंग्रजीत विचारत होते आणि मी बऱ्यापैकी उत्तरं देत होते. मग तिसऱ्या बाईंनी दोन कागद हातात घेतले आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "तुमच्या टिपणात तुम्ही मोर्चाच्या दिवशी जन्मला आहात. लेखात मोर्चा तुमच्या जन्माच्या आधीच होऊन गेलाय. आम्ही कोणत्या मुलीला प्रवेश द्यायचा?"

मला फुटलेला घाम काही बंद पंख्यामुळे नव्हता. मी म्हटलं, "लेखातल्या. टिपण मी बाबांना विचारून लिहिलं. लेख पोळ्याला विचारून."

बाई हसणार तेवढ्यात प्रिंटरमागून आवाज आला. "चूक हाये ते!"

"कोण आहे तिथे?" एक सर इंग्रजीत दरडावले.

आपण संपलो, हे मला कळलं. देवघराच्या फळीवरची पुस्तिका मला स्पष्ट दिसली. बाबा मात्र उठून सरळ पडद्यासमोर आले, मान वाकवून कॅमेऱ्यात पाहिलं आणि म्हणाले, "सर, मैं उस मोर्चे का आयोजक हूँ. लड़की की दाल में कुछ काला नहीं, बस साल गलत है."

"बाबा, बसा ना!"

"तू चूप. साहेब लोकाईले खरं कळलं पाह्यजे."

सरांनी मुलाखत थांबवण्यासाठी हात उचलला. बाईंनी तो थांबवला. तिघं आपसात काहीतरी बोलले. मग बाई मला म्हणाल्या, "ठीक आहे. साक्षीदार समोर आहे. तुम्ही इतिहास शिकायला येताय ना? विचारा त्यांना. पण एकच प्रश्न, आणि साल विचारायचं नाही."

मी बाबांकडे पाहिलं. ते पदक स्वीकारायला उभे असल्यासारखे उभे होते. काय विचारू? घोषणा विचारल्या तर सगळ्या सांगतील. माणसं विचारली तर दुप्पट सांगतील.

"बाबा, मोर्चा निघाला तिथं, म्हंजे मारुतीच्या पारापाशी, तेव्हा काय काय दिसत होतं?"

"काय दिसत होतं म्हंजे?" बाबांचा चेहरा उजळला. "तोरण होतं ना पोळ्याचं! तसंच बांधलेलं. आम्ही म्हटलं, याच्याच खालून काढू मोर्चा, बैलं जाते तर माणसं काहून नाही? अन् पोट्ट्यायचे लाकडी बैल तिथंच पडून होते पारावर. कोण्या एका पोट्ट्याचा बैल कालच्या गर्दीत हरपला होता, ते रडून राह्यलं होतं, त्याले आम्ही झेंडा देल्ला हातात."

"कालच्या गर्दीत?"

"मग! आदल्याच दिवशी तर तान्हा पोळा होता."

मी पुढे काही विचारलं नाही. एकच प्रश्न, असं ठरलं होतं. बाबा आधी विजयाने माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांचे ओठ हलायला लागले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. बोटं मोडत ते सोमवारपाशी आले आणि तिथे थांबले.

"च्या मायले," बाबा म्हणाले, तेही कॅमेऱ्यासमोर.

बाई इतक्या हसल्या की त्यांनी आपला आवाज बंद केला. पडद्यावर त्या नुसत्या हलताना दिसत होत्या. सरांपैकी ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना त्यांनी बहुधा सगळं सांगितलं, कारण थोड्या वेळाने तेही हलायला लागले. मग मला आणखी दोन साधे प्रश्न विचारून त्यांनी 'थँक यू' म्हटलं, आणि बाबांनाही वेगळं 'थँक यू' म्हटलं.

संध्याकाळी बाबांनी फ्रिजवरचा कागद स्वतः काढला. माझ्या हातचा चहा घेतला. तोंड मात्र उतरलेलं होतं. एवढ्या वर्षांची गोष्ट हातातून गेली होती, आणि ती मी काढून घेतली होती. मला ते बरं वाटत नव्हतं. पण साल तर साल आहे.

"मग मी झाले तेव्हा तुम्ही कुठं होते, बाबा?"

बाबा आईकडे पाहू लागले. आई ऑफिसातून येऊन भाजी निवडत होती. "दवाखान्यातच होते," ती म्हणाली. "वार्डातला पंखा बंद होता. यायनं तिथंच सुरू केलं, एकट्यानं. 'पंखा आमच्या हक्काचा.' मुर्दाबादबी म्हटलं. नर्स म्हणे, काका, बाळंतिणी घाबरून राह्यल्या, बाहेर व्हा. तेवढ्यात तू झाली. बाजूच्या खाटेवरच्या बाईच्या सासूनं टाळ्या वाजवल्या."

"पंखा लागला ना पण!" बाबा म्हणाले.

"लागला."

"हो ना! मग मोर्चाच होता तो."

"एकट्याचा," आई म्हणाली. "अन् एसटीच्या मोर्चात तर मी होती. नवी नवरी, हातभर हिरवा चुडा. पुढच्या रांगेत चालली मी. त्या रडक्या पोट्ट्याले झेंडा यायनं नाही, मी देल्ला."

पंचांगं, बसस्थानक, तळटीप, निषेध, बहिष्कार. आणि ती एवढे दिवस त्याच स्वयंपाकघरात कणीक मळत होती.

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं काय मले?" आईने देठ मोडला. "तू आयोजकाले विचारलं, छापणाऱ्याले विचारलं. जे चालले त्यायले विचारलंच नाही."

यादी लागली तेव्हा माझं नाव तिच्यात होतं. आई शब्दाला जागली. स्वतः सोडायला आली, होस्टेलच्या फाटकापर्यंत. बाबांनी निघताना नवं पत्रक दिलं, पाण्याच्या टाकीचं. खाली कोपऱ्यात, बारीक टायपात, साल टाकलेलं होतं. चुकीचं, मागच्या वर्षीचं, कारण त्यांनी जुनी फाइल उघडून त्यावरच लिहिलं होतं. पण सुरुवात झाली म्हणायची.

आता तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्या पेटीत, कपाटावर, गादीखाली कुठेतरी असा एखादा कागद असेल: पत्रक, निवेदन, सभेचं आमंत्रण, ज्यावर 'येत्या सोमवारी' लिहिलंय. तो आज बाहेर काढा. घरातल्या दोन माणसांना समोरासमोर बसवून विचारा, एकेकट्याला विचारू नका. त्यांतली एक बाई अशी घ्या की जी पायी चालली होती आणि जिला आजवर कोणी विचारलेलं नाही. त्यांना मनसोक्त भांडू द्या. आणि भांडणातून जे साल निघेल ते कागदाच्या कोपऱ्यात लिहा. पेन्सिलीने लिहा, म्हणजे तिसरं माणूस भेटलं की खोडता येईल.